निबचे घड्याळ बिघडलेले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या जुन्या ब्रॅकेट घड्याळांवर, म्हणजे टेबलावर ठेवायच्या पेटीतल्या घड्याळांवर, लेख आला आणि त्यात सतराव्या शतकातला इंग्रज घड्याळजी जोसेफ निब याच्या घड्याळाचा अर्धे पान भरून रंगीत फोटो छापला, त्याबद्दल आधी आभार मानतो. मराठी वर्तमानपत्रात निबचे नाव मी तरी पहिल्यांदाच वाचले. आता तक्रार. फोटोखाली आपण लिहिले आहे की घड्याळ चालू आहे, पण वयोमानामुळे ठोक्यांची मोजणी बिघडली आहे आणि ते पाच वाजता एकच ठोका देते, बाराला चार. लेखात निब हा मूळचा कॉलेजातला माळी होता असे म्हटले आहे. आणि शेवटच्या चौकटीत वाचकांना सल्ला दिला आहे की घरात असे जुने घड्याळ बंद पडून असेल तर आतले मशीन काढून बॅटरीचे बसवून घ्यावे, म्हणजे शोभाही राहते आणि वेळही कळते. पहिल्या दोन गोष्टी चुकीच्या आहेत. तिसरी वाचल्यावर मी चहा तसाच ठेवून उठलो.

मी गिरगावात घड्याळदुरुस्ती केली. आधी वडील गल्ल्यावर बसत आणि मी आत कामाला. पुढे मी गल्ल्यावर आलो, आत बसायला कोणी उरले नाही, आणि दुकान बंद केले. मनगटी घड्याळांपासून पारशी घरांतल्या माणसाएवढ्या उंच घड्याळांपर्यंत सगळे हाताखालून गेले. इंग्लंडची कमानीवर, म्हणजे गुंडाळलेल्या स्प्रिंगवर, चालणारी, डोक्यावर पितळी कडी असलेली घड्याळेही बरीच उघडली, पण ती बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. निबचे घड्याळ उघडायचे भाग्य लाभले नाही. त्याचे काम पाहिले ते लंडनला, ब्रिटिश म्युझियमच्या ३८ आणि ३९ नंबरच्या दालनांत, काचेआडून. मुलगी तिकडे असते. मी गेलो की ती मला त्या दालनात सोडते आणि आपल्या कामाला निघून जाते.

पाचला एकच ठोका का, ते सांगतो. त्या घड्याळात घंटा दोन असतात, एक लहान आणि एक मोठी. लहान घंटेचा एक ठोका म्हणजे रोमन एक. मोठीचा एक ठोका म्हणजे रोमन पाच. मोठीचे लागोपाठ दोन ठोके म्हणजे रोमन दहा, कारण दहाची ती फुली म्हणजे पाचाच्या दोन खुणा टोकाला टोक लावून ठेवलेल्या. एवढे ध्यानात धरले की पुढचे सोपे आहे. पाच वाजले की मोठी घंटा एकदा वाजते आणि घड्याळ गप्प होते. सहाला आधी मोठी, मग लहान. चारला उलट, आधी लहान आणि मग मोठी, कारण रोमन चार लिहिताना पाचाच्या आधी एक रेघ काढतात. नऊला लहान एकदा, मग मोठी दोनदा. बाराला मोठी दोनदा, लहान दोनदा, मिळून चार. आपल्या प्रतिनिधीने बाराला चार ठोके मोजले ते अगदी बरोबर मोजले. कोणती घंटा कधी वाजली तिकडे कान दिला नाही, एवढेच.

पुरावा आपण छापलेल्या फोटोतच आहे. डायलवरचा चारचा आकडा बघा. रोमन आकड्यांच्या बहुतेक जुन्या घड्याळांवर चारच्या जागी चार उभ्या रेघा असतात. आपल्याकडच्या कितीतरी भिंतीवरच्या घड्याळांवरही तशाच दिसतील. या घड्याळावर मात्र एक रेघ आणि तिच्यापुढे पाचाची खूण आहे, कारण ठोके त्याच क्रमाने पडायचे आहेत. त्या काळातल्या इंग्रजी घड्याळावर असा चार दिसला की जाणकार लगेच मागचे दार उघडून घंटा दोन आहेत का ते बघतो.

हा खटाटोप निबने हौसेखातर केला नव्हता. साध्या घड्याळाला बारा तासांत एक अधिक दोन अधिक तीन असे करत ७८ ठोके द्यावे लागतात. रोमन पद्धतीत तेवढ्याच वेळात ३० पुरतात. वाचकांनी बोटांवर मोजून बघावे. दिवसाचे १५६ विरुद्ध ६०. आठ दिवसांनी किल्ली द्यायच्या घड्याळात १२४८ विरुद्ध ४८०. ठोके देणारी कमान वेगळी असते आणि काटे चालवणारी वेगळी, म्हणून तर डायलवर किल्लीची भोके दोन. प्रत्येक ठोक्याला हातोडा उचलायचा, सोडायचा, पुन्हा उचलायचा, आणि ते सगळे बळ त्या गुंडाळलेल्या पोलादी पट्टीतून यायचे. ठोके निम्म्याहून कमी झाले की कमानीला तेवढा आराम. महिनाभर चालणारी, वजनांवरची उंच घड्याळेही निब करत असे आणि त्यांच्यातही त्याने ही पद्धत वापरली. तिथे तर फायदा आणखी मोठा.

ही पद्धत फार पसरली नाही. लोकांनी ती का उचलली नाही याची कारणे पुस्तकांतून निरनिराळी सांगतात, मला आपले एकच पटते. रात्री अर्धवट झोपेत एक ठोका कानावर पडला तर तो लहान घंटेचा की मोठीचा, म्हणजे एक वाजला की पाच, हे दुसरी घंटा शेजारी वाजल्याशिवाय सांगता येत नाही. दुधवाला यायची वेळ झाली की अजून चार तास झोपायचे, हे ज्या घड्याळावरून ठरत नाही ते गिऱ्हाइकाला शहाणे वाटत नाही, मग कारागीर कितीही शहाणा असो.

तरीही निब शहाणाच होता. त्याचा काळ ध्यानात घ्या. ह्यूगन्स या डच शास्त्रज्ञाने घड्याळाला लंबक लावला १६५६ साली. पुढच्या वर्षी हेगच्या सालोमन कोस्टरने तशी घड्याळे बनवायचा परवाना घेतला, आणि १६५८ मध्ये लंडनच्या फ्रोमँटील घराण्याने लंबकाच्या घड्याळांची जाहिरात वर्तमानपत्रात दिलीसुद्धा. निबचा जन्म १६४० च्या आसपासचा. म्हणजे तो उमेदवारी करत होता तेव्हा लंबक ही बाजारातली नवी चीज होती. लंबक येण्याआधी घड्याळ दिवसाला पाव तास मागेपुढे गेले तरी कोणी तक्रार करत नसे. लंबकानंतर लोक मिनिटांची चौकशी करू लागले.

आता माळ्याची गोष्ट. ती अर्धी खरी आहे म्हणूनच तिने आपल्या लेखकाला फसवले. निबने काम शिकले ते चुलतभाऊ सॅम्युअल निब याच्याकडे, १६५५ च्या सुमारास. झाडांशी त्याचा काही संबंध नव्हता. शिकून झाल्यावर तो ऑक्सफर्डला आला आणि शहराच्या हद्दीला लागून, पण हद्दीबाहेर, त्याने दुकान मांडले. शहरात धंदा करायचा तर शहराचा परवाना लागे, आणि तो बाहेरच्याला सहजासहजी मिळत नसे. हा पोरगा आत सरकू लागला तशी तिथल्या धंदेवाल्यांनी ओरड केली की याचे दुकान बंद करा. विद्यापीठाच्या नोकरांवर शहराचा अंमल चालत नसे. तेव्हा ट्रिनिटी कॉलेजने निबला आपल्या कागदोपत्री माळी म्हणून लावून घेतले. खुरपे त्याने कधी हातात धरले असेल असे मला वाटत नाही. माळ्याच्या नावाखाली तो घड्याळेच करत राहिला. शेवटी १६६८ मध्ये तडजोड झाली. २० नोबल, म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स, आणि वर आगीसाठी एक चामड्याची बादली, एवढा भरणा करून त्याला शहराचा परवाना मिळाला.

मुंबईच्या वाचकांना त्या सालाची आणखी एक गंमत सांगतो. त्याच १६६८ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने हुंड्यात मिळालेली आपली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला १० पौंड भाड्याने. म्हणजे ऑक्सफर्डमध्ये घड्याळाचे दुकान चालवायला जे पैसे पडले, त्यात थोडी भर घातली असती तर वर्षभर मुंबई मिळाली असती. आणि हाच चार्ल्स पुढे निबच्या गिऱ्हाइकांत होता.

ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजचे मनोऱ्यातले घड्याळही निबच्या नावावर सांगतात. ते १६७० च्या सुमाराचे, आणि अँकर एस्केपमेंट, म्हणजे चाकाचा एकेक दाता सोडणारी नांगराच्या आकाराची कळ, असलेल्या अगदी सुरुवातीच्या घड्याळांत त्याची गणना होते. ते आता ऑक्सफर्डच्याच विज्ञान-इतिहासाच्या म्युझियममध्ये आहे. १६७० मध्ये निब लंडनला गेला आणि ऑक्सफर्डचे दुकान धाकटा भाऊ जॉनने सांभाळले. हा जॉन पुढे त्याच शहराचा मेयर झाला, एकदा सोडून दोनदा. ज्यांनी थोरल्याला हाकलायचा घाट घातला होता त्यांच्या मुलाबाळांनी धाकट्याला वाकून नमस्कार केला असेल, असे मी मनाशी धरून चालतो. जोसेफने लंडनला फ्लीट स्ट्रीटवर नाव काढले, नंतर सफक स्ट्रीटवर जागा घेतली, आणि १६९७ मध्ये लंडन गॅझेटमध्ये जाहिरात देऊन माल विकायला काढला. त्या जाहिरातीत वर्षभर चालणारी, महिनाभर चालणारी, आठवड्याची आणि तीस तासांची अशी सगळ्या तऱ्हेची घड्याळे होती. मग तो बकिंगहॅमशायरमधल्या हॅन्सलोप गावी जाऊन राहिला. तिथेही हात स्वस्थ बसले नाहीत, त्या गावाचे नाव घातलेली थोडी घड्याळे आहेत. १७११ मध्ये तो वारला.

घड्याळाच्या पोटात काय असते ते आपल्या लेखात कुठेच नाही, म्हणून थोडे लिहितो. कमान पूर्ण गुंडाळली की जोरात ओढते आणि सुटत आली की मरगळते. त्या ओढीवर काटे सोडले तर घड्याळ सोमवारी धावेल आणि रविवारी रेंगाळेल. यावरचा इलाज म्हणजे फ्युझी. भोवऱ्यासारखा निमुळता पितळी तुकडा, त्यावर चक्राकार खाच, खाचेत गुंडाळलेली तात. तातेचे दुसरे टोक कमानीच्या डब्यावर. कमान ताजी असते तेव्हा ती फ्युझीच्या बारीक टोकाला ओढते, दमते तेव्हा रुंद बाजूला. ओढ कमी झाली तरी पकड वाढलेली असते, त्यामुळे चाकांना मिळणारा जोर आठवडाभर सारखा राहतो. ही तात खरोखरच जनावराच्या आतड्याची असे. पुढे काही घड्याळांत साखळी आली, आणि दुरुस्त करणाऱ्यांनी तातेच्या जागी पोलादी तार घातलेली तर मी कितीदा पाहिली. तारेने खाचेच्या कडा खाल्लेल्या असतात, बोट फिरवले की लागतात.

दुसरी गोष्ट व्हर्ज एस्केपमेंट, म्हणजे चाकाचा एकेक दाता सोडणारी, अँकरच्या आधीची जुनी कळ. मुकुटासारखे दाते असलेले एक चाक, त्याच्यावर आडवी दांडी, दांडीला दोन पाती, आणि दांडीच्या मागच्या टोकाला आखूड लंबक. अचूकपणात हे अँकरच्या मागे, आठवड्याला काही मिनिटे इकडेतिकडे व्हायचीच. पण याचा एक गुण असा की घड्याळ जरा तिरपे ठेवले तरी कुरकुरत नाही. वरच्या पितळी कडीला धरून ते दिवाणखान्यातून उचलायचे आणि झोपायच्या खोलीत नेऊन ठेवायचे, लंबक हलत राहतो. त्या काळी एका घरात अशी घड्याळे चार-पाच कोण घेणार? एकच असे आणि ते मालकाबरोबर फिरे. पुढे एडवर्ड बार्लोने १६७६ च्या सुमारास ठोक्यांची रॅकची पद्धत काढली, तिच्यात ठोके किती द्यायचे ते दरवेळी तासकाट्याच्या जागेवरून ठरते. मग दोरी ओढून अंधारात मागचा तास पुन्हा वाजवून घेता येऊ लागला आणि अशा घड्याळांचा उशाशी मान वाढला.

नंतरच्या दोन शतकांत अचूकपणाचे वेड आले तेव्हा इंग्लंडमधल्याच कारागिरांनी शेकडो घड्याळांची व्हर्ज काढून अँकर बसवली. निबच्याही काही घड्याळांच्या वाट्याला हे आले. मागच्या प्लेटवर पाहिले की कळते. निबच्या घड्याळाची मागची प्लेट म्हणजे त्याचा खरा चेहरा. पितळेवर ट्युलिपची फुले, पाकळ्या उलगडत गेलेल्या, मधे लॅटिनमध्ये सही, जोसेफ निब, लोंदिनी फेकित, म्हणजे लंडनमध्ये केले. घड्याळ टेबलाच्या मधोमध असायचे, माणसे मागूनही बघायची, म्हणून मागच्या दारालाही काच आणि प्लेटवर हे काम. अँकर बसवताना याच फुलांवर नवी भोके पडली, जुनी बुजवली गेली. एखाद्या पाकळीच्या मधोमध गोल पितळी थिगळ दिसते, त्याच्यावर कोरीव रेघ नसते. आता तिकडचे चांगले कारागीर ती जुनी भोके शोधून, मोजून, व्हर्ज पुन्हा घडवून बसवतात. काढायला अर्धा दिवस लागला असेल, परत बसवायला महिने जातात.

त्या सहीवरून आपला लेखक असे धरून चालला आहे की ते अख्खे घड्याळ निबने एकट्याने, स्वतःच्या हाताने केले. तसे नसते. आबनुसाची पातळ पाने चिकटवलेली पेटी करणारा वेगळा, फुले कोरणारा वेगळा, कमानी करणारा वेगळा, आणि कारखान्यात हाताखाली उमेदवार. फ्लीट स्ट्रीटजवळच दुकान असलेल्या थॉमस टॉम्पियनने साडेपाच हजारांच्या आसपास खिशातली घड्याळे आणि साडेसहाशेच्या आसपास मोठी घड्याळे बाहेर काढली, त्यांवर अनुक्रमांक ठोकले. एका माणसाचे हे काम आहे का? निबने असे क्रमांक घातले नाहीत. पण त्याचे काटे बघितले की वाटते, निवड करणारा डोळा एकच होता. साध्या काळ्या पेटीत इतका बारीक जाळीदार तासकाटा, आणि पेटीवर उगाच पितळ नाही. टॉम्पियन मोठा, हे सगळे म्हणतात, मीही म्हणतो. पण घरात एकच ठेवायचे म्हटले तर मी निब ठेवीन.

आता त्या चौकटीतल्या सल्ल्याबद्दल. मुंबई-पुण्यात निबचे घड्याळ कोणाच्या माळ्यावर निघेल अशी आशा मी दाखवत नाही. पण फ्युझीवर चालणारी एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी ब्रॅकेट घड्याळे इथल्या जुन्या घरांत आहेत, माझ्याकडेच कितीतरी आली. दुकान बंद करायच्या आधी ताडदेवचे एक गृहस्थ आजोबांचे घड्याळ घेऊन आले. तक्रार काय, तर ठोके बंद झालेत. मी मागचे दार उघडले. आत मुठीएवढा काळा प्लास्टिकचा डबा, एक पेन्सिल सेल, आणि खाली खोटा लंबक, जो काट्यांशी संबंध नसताना नुसता हलत होता. नवा डबा बसावा म्हणून डायलचे मधले भोक कानशीने मोठे केलेले. किल्लीची भोके पितळी टिकल्यांनी झाकलेली. घंटा तेवढी जागेवर होती, तिच्यावर पडायला हातोडा नव्हता. जुने मशीन कुठे, विचारले. दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याने ते ठेवून घेतले आणि भंगारात किलोवर दिले म्हणे. जाड पितळी प्लेटा होत्या, वजन चांगले भरले असणार. त्या गृहस्थांना काय सांगायचे? ठोके मी कुठून आणू?

अशी घड्याळे बंद पडतात ती बहुधा साध्या कारणांनी. तेल सुकून गोंद झालेले असते. तात तुटलेली असते किंवा फ्युझीवरून उतरलेली असते. चाकाच्या आसाचे भोक झिजून लांबट झालेले असते, त्यात नवे बुश, म्हणजे पितळी नळीचा छोटा तुकडा, बसवावे लागते. हे सगळे होण्यासारखे काम आहे आणि करणारे हात मुंबईत, पुण्यात अजून आहेत, थोडे आहेत पण आहेत. घरच्या माणसाने मात्र प्लेटा स्वतः उघडू नयेत. कमानीतला जोर आधी बेताने सोडवून घेतला नाही तर चाके क्षणात मोकळी सुटतात, दाते तुटतात आणि बोटेही. पितळ चकचकीत करायची पावडर डायलला लावू नये, आकड्यांतले काळे मेण निघून जाते आणि चांदीचा मुलामाही. तुटलेला तुकडा, सुटलेला स्क्रू, जुनी तात, काहीही फेकू नये, पाकिटात घालून पेटीतच ठेवावे. बंद घड्याळ पन्नास वर्षे बंद राहिले तरी त्याचे काही बिघडत नाही.

एक विनंती. फोटोखालची ओळ आणि माळ्याचा उल्लेख यांची दुरुस्ती छापावी, आणि चौकटीतला सल्ला मागे घ्यावा. जागा कमी असेल तर पहिल्या दोन्ही राहू द्या, सल्ला तेवढा मागे घ्या. आणि पुन्हा कधी अशा घड्याळावर लेख आलाच, तर समोरून फोटो छापू नका, मागून छापा. फुले आणि सही सगळी तिकडे असते, आणि भोके बुजवलेली आहेत की नाहीत तेही आम्हाला बघता येईल.

आपला,
एक जुना वाचक आणि घड्याळजी
गिरगाव, मुंबई